क्रेटवर चार ओळींची चिठ्ठी हवी

संपादक महोदय,

जवळच्या छोट्या शेतावरून, नैसर्गिक पद्धतीने पिकवलेली भाजी थेट घ्यावी, हा सल्ला आता जिकडेतिकडे दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण तो ऐकून शेतावर जाणारा माणूस बहुधा दोनच प्रश्न विचारतो : ‘औषध मारलेले नाही ना?’ आणि ‘ताजी आहे ना?’ कुठल्याही शेतावर, कुठल्याही दिवशी या प्रश्नांची उत्तरे ठरलेली आहेत. मग ते विचारले काय आणि न विचारले काय! त्यापेक्षा विकणाऱ्याने प्रत्येक क्रेटवर चार ओळींची चिठ्ठी लावावी आणि घेणाऱ्याने ती वाचायला शिकावे, एवढीच या पत्राची मागणी आहे. माल कोणत्या दिवशी किती वाजता तोडला, वाण कोणते, शेवटची फवारणी कशाची आणि केव्हा, माल कोणाच्या शेतातला. बस्स.

पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची. भाजी तोडली की मुळांकडून येणारे पाणी बंद होते, श्वसन मात्र चालूच राहते. अंगातली साखर जाळून ती जगत असते आणि त्यातून उष्णता बाहेर पडत असते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. याचा हिशेब करून पाहा : ३० अंशांत ४ तासांत भाजीची जेवढी झीज होते, तेवढीच व्हायला १० अंशांत किमान १६ तास लागतात. म्हणजे शेत किती किलोमीटरवर आहे हे दुय्यम ठरते. ५ किलोमीटरवरून भर दुपारी तोडून उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतून आलेला पालक, २०० किलोमीटरवरून रात्रीच्या गारव्यात आलेल्या पालकापेक्षा अधिक थकलेला असू शकतो. ‘जवळचे’ या शब्दाला आपण उगाच फार भाव देतो.

सगळ्या भाज्या सारख्या वेगाने झिजत नाहीत. गोड मका, मटार, ब्रोकोली, अळंबी, पालक यांचे श्वसन फार जोरात चालते. कांदा, लसूण, बटाटा अगदी संथ. गोड मक्याच्या जुन्या वाणांत ३० अंशांना एका दिवसात निम्म्याहून अधिक साखर निघून जाते, शून्य अंशाजवळ ठेवले तर जेमतेम ५-६ टक्के. मटारचेही तसेच, सकाळी गोड लागलेला दाणा दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतो. तेव्हा शेतावर जाण्याचे कष्ट घ्यायचेच असतील तर ते मका, मटार, पालेभाज्या, कोवळ्या शेंगा आणि झाडावर रंग भरलेला टोमॅटो यांच्यासाठी घ्यावेत. कांदा-लसणाला ताजेपणाचे कौतुक नाही. उलट मान पूर्ण वाळेपर्यंत सुकवलेला जुना कांदाच टिकतो. काढल्या काढल्या आणलेला ओल्या मानेचा कांदा आठवड्यातच आतून सडू लागतो. साठवणीसाठी ‘आजच काढलेला’ कांदा कोणी कौतुकाने देऊ लागला तर आभार मानून नको म्हणावे.

तोडणी पहाटेपासून सकाळी आठ-नऊपर्यंत उरकलेली बरी. रात्रभरात मुळांनी ओढलेले पाणी पानांत भरलेले असते आणि माल मुळातच गार असतो. दुपारी तोडलेल्या मालात उन्हाची ऊब साठलेली असते. ती जाऊ न देता माल रचला की क्रेटच्या मधोमध भाजी आपल्याच श्वसनाने तापत जाते. पालेभाजीची जुडी बाहेरून टवटवीत आणि आत पिवळी, चिकट निघते ती यामुळेच. म्हणून जुडी घेताना बांधणी सैल करून मधल्या पानांना हात लावावा. ती कोमट लागली तर जुडी घेऊ नये, मग चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो.

पहाटेच्या तोडणीला अपवादही आहेत, आणि ते ठाऊक असलेला शेतकरी लगेच ओळखू येतो. फरसबी दव सुकल्यावरच तोडायची असते, कारण ओल्या झाडांतून हात फिरला की तांबेरा आणि जिवाणूजन्य करपा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. तेव्हा फरसबीच्या क्रेटवर ‘पहाटे पाच’ असे लिहिलेले दिसले तर ती फुशारकीची नव्हे, काळजीची गोष्ट आहे. बटाटा ओल्या मातीतून काढू नये. पालेभाजीच्या बाबतीत संध्याकाळच्या तोडणीचीही एक बाजू आहे : दिवसभराच्या प्रकाशात पानांत साखर साठते आणि नायट्रेट घटते. ऊन कलल्यावर तोडून रात्रभर गार ठेवलेली जुडी सकाळच्या तोडणीहून उणी नसते. ती रात्रभर कुठे ठेवली होती, एवढे मात्र विचारावे.

चिठ्ठी खरी की खोटी, हे मालच सांगतो. देठाचा कापलेला भाग ओलसर आणि फिकट असेल तर काही तासच झालेले असतात. तो तपकिरी, आत ओढलेला दिसला तर एक रात्र नक्की गेली आहे. भेंडीचे टोक वाकत न राहता कट्‌कन तुटले पाहिजे. मटारच्या शेंगा एकमेकींवर घासल्या की कुरकुरतात, शिळ्या घासल्या तर नुसत्या सरकतात. मक्याच्या कणसाचे केस टोकाला तपकिरी असावेत, पण आत सालपटाखाली ओलसर. पानांवर शिंपडलेल्या पाण्याला भुलू नये. मरगळलेले पान पाण्याने पुन्हा टरारते, पिवळे पडलेले पान हिरवे होत नाही. सतत ओली ठेवलेली जुडी पिशवीत बांधली की मात्र लवकर सडते.

जाता जाता एक : पालकातील क जीवनसत्त्व फ्रिजमध्ये ठेवूनही आठवड्याभरात निम्म्याहून अधिक जाते. आठवड्याची पालेभाजी एकदम आणून ठेवणाऱ्याने शेतापर्यंत जाण्याचा आटापिटा करावा कशाला? तोडल्यावर लगेच गोठवलेला पालक त्याहून बरा.

दुसरी ओळ वाणाची. मोठ्या बाजारासाठी निवडलेली वाणे जाड सालीची, एकसारख्या आकाराची, प्रवास सोसणारी असतात. छोट्या शेताचा खरा फायदा असा, की पातळ सालीचा, दोनच दिवस टिकणारा पण चवीला उजवा टोमॅटो तिथे लावता येतो. त्या शेतावरही प्रवासासाठीचेच वाण असेल तर चवीतला फरक शोधत बसू नये, फारसा सापडणार नाही. संकरित वाण म्हणजे वाईट आणि सरळ वाण (ज्याचे बी घरी धरता येते ते) म्हणजे चांगले, असा सोपा हिशेबही नाही. गोड मक्याची काही नवी संकरित वाणे साखर कितीतरी दिवस धरून ठेवतात.

घरच्या बियाण्याबाबत मात्र एक धोका ठाऊक हवा. दुधी, झुकिनी, काकडी या वर्गातल्या पिकांचे बी शेतकरी स्वतः धरत असेल आणि जवळपास त्याच जातीचे शोभेचे किंवा रानटी वेल असतील, तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. त्या बियांतून पुढच्या हंगामात येणाऱ्या फळांत कुकुरबिटासिन हे कडू विष उतरू शकते. ते शिजवल्याने जात नाही. काकडीचे देठाकडचे टोक थोडे कडवट लागणे वेगळे. उष्णतेने आणि पाण्याच्या ताणाने तसे होते आणि तेवढा भाग कापून टाकता येतो. पण दुधी किंवा झुकिनी शिजवण्याआधी एक चकती जिभेला लावून पाहावी, आणि कडू लागली तर थुंकून पूर्ण फळ फेकून द्यावे. अशा फळांचा रस पिऊन माणसे दगावलेली आहेत. ‘कडू ते औषधी’ ही समजूत इथे जिवावर बेतते.

तिसऱ्या ओळीवर सर्वांत जास्त टाळाटाळ होते, कारण ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘काहीच मारलेले नाही’ असा समज विकणारा आणि घेणारा दोघेही सोयीने करून घेतात. ‘सेंद्रिय’ या शब्दाला पुष्कळ देशांत कायद्याची व्याख्या आहे. ‘नैसर्गिक’ला बहुतेक ठिकाणी ती नाही. आणि वनस्पतीतून काढलेले म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. तंबाखूच्या काढ्यातले निकोटिन हे तीव्र विष आहे. फवारणाऱ्याच्या कातडीतूनही ते शरीरात जाते. रोटेनोन हे झाडांच्या मुळांतून मिळणारे कीटकनाशक एकेकाळी सेंद्रिय शेतीत सर्रास चालत असे. पुढे त्याच्या विषारीपणामुळे अनेक देशांनी ते बंद केले. १८८५ पासून द्राक्षांवर वापरात असलेले बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, आजही सेंद्रिय शेतीत चालते. पण त्यातले तांबे मातीत साठत जाते, गांडुळांना सोसत नाही. म्हणूनच युरोपीय संघाने ७ वर्षांत हेक्टरी एकूण २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. याउलट निंबोळी अर्क आणि बॅसिलस थुरिंजेन्सिस हा अळ्या मारणारा जिवाणू, हे दोन्ही उन्हात काही दिवसांतच निकामी होतात. त्यामुळे ‘काय मारले’ याच्याइतकेच ‘केव्हा मारले’ हेही महत्त्वाचे. प्रत्येक फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस ठरलेले असतात. भेंडी, काकडी, झुकिनी ही पिके एक-दोन दिवसांआड तोडावीच लागतात, नाहीतर फळ निबर होते. तिथे हा प्रतीक्षा काळ पाळणे सर्वांत अवघड जाते. म्हणून चौकशी करायचीच तर या पिकांपासून सुरुवात करावी.

‘आम्ही काहीच फवारत नाही’ हे उत्तर थंड हवेतल्या पालकाबाबत किंवा लसणाबाबत सहज खरे असू शकते. कोबी, वांगे, टोमॅटो यांच्याबाबत तेच उत्तर मिळाले तर पुढचा प्रश्न विचारावा : मग अळीचे काय करता? जाळी टाकतो, अंडी हाताने चिरडतो, सापळा पीक (किडीला तिकडे ओढून घेणारे दुसरे पीक) लावतो, कोबीनंतर त्या तुकड्यात तीन-चार वर्षे कोबीवर्गातले काही घेत नाही, किंवा सरळ, ‘तिसरा हिस्सा अळीला जातो’, अशी उत्तरे भरवशाची. ‘आमच्याकडे कीडच येत नाही’ हे उत्तर भरवशाचे नाही. फवारणीची वही दाखवायला जो शेतकरी कचरत नाही, त्याने क्वचित काही फवारले असले तरी त्याच्याकडून घ्यावे. वहीच नसलेल्या ‘शंभर टक्के नैसर्गिक’ शेतापेक्षा ते केव्हाही चांगले.

पानांना भोके असली म्हणजे भाजी विषमुक्त, हीही एक लाडकी समजूत. भोके पडल्यावरच तर बहुतेकजण फवारतात! आणि बारीक जाळीखाली वाढलेल्या पानाला काही न फवारताही भोक नसते. भोकांपेक्षा पानाची पाठ पाहावी. मावा तिथे असतो. गडद निळसर हिरवी, फोफशी पाने आणि मावा एकत्र दिसले तर नत्र जास्त झाल्याची शंका घ्यावी. ते नत्र युरियाचे असो की कोंबडीखताचे, मावा दोन्हीवर सारखाच माजतो.

खताची चौकशी चिठ्ठीवर नको, हंगामात एकदा केली तरी पुरे. विचारायचे एवढेच की शेणखत कच्चे की कुजलेले. कच्च्या खतात ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे जंतू असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांनुसार खाण्याचा भाग मातीला टेकत असेल तर कच्चे खत काढणीच्या किमान १२० दिवस आधी, टेकत नसेल तर ९० दिवस आधी मातीत मिसळावे लागते. मुळा २५-३० दिवसांत तयार होतो, पालक ४०-४५ दिवसांत. म्हणजे या पिकांसाठी खत आधीच्या पिकालाच दिलेले असले पाहिजे. लांब ढिगाच्या कंपोस्टसाठी त्याच नियमांत ५५ ते ७७ अंश तापमान १५ दिवस टिकवणे आणि त्या काळात ढीग किमान ५ वेळा उलटणे अपेक्षित आहे. शेतावर गेल्यास ढिगात हात घालून पाहावा. पक्के कंपोस्ट भुरभुरीत असते आणि त्याला मातीचा वास येतो. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ते अजून कच्चे आहे. शेण कालवून केलेली द्रावणे मुळाशी घालणे वेगळे आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर तोडणीच्या आठवड्यात फवारणे वेगळे. हे दुसरे काम करणाऱ्याकडून सॅलडची पाने घेऊ नयेत, त्याची श्रद्धा कितीही निर्मळ असली तरी.

‘किती वर्षांपासून नैसर्गिक पद्धतीने पिकवता’ हाही हंगामात एकदाच विचारायचा प्रश्न. कोडेक्स या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या १९९९ च्या सेंद्रिय मार्गदर्शक तत्त्वांत हंगामी पिकांसाठी पेरणीआधी किमान २ वर्षे आणि बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीआधी किमान ३ वर्षे असा रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेतीकडून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ धरलेला आहे. पहिल्या वर्षातला शेतकरी खोटारडा ठरत नाही, उलट त्याला गिऱ्हाइकाची गरज सर्वांत जास्त असते, कारण त्याच वर्षांत उत्पन्न खाली येते. पण त्याने ‘रूपांतर चालू आहे’ असे म्हणावे. दोन वर्षांनी सगळेच धुऊन निघते असेही नव्हे. डीडीटी, डिलड्रिन या जुन्या कीटकनाशकांचे अवशेष मातीत दशकानुदशके टिकतात, आणि भोपळावर्गातली काही पिके ते इतर पिकांपेक्षा जास्त ओढून घेतात. सांडपाण्यावरच्या किंवा जुन्या कारखान्याजवळच्या जमिनीत कॅडमियम हा विषारी धातू असेल तर ते पालकासारख्या पानांत चढते. शिसे मुख्यतः धुळीतून वर बसते. अशा शंकेच्या ठिकाणी भाजीच्या एका नमुन्याची चाचणी फारसे सांगत नाही. ती त्या दिवशीच्या त्या नमुन्यापुरतीच असते. एकदा मातीची आणि पाण्याची चाचणी केलेली असली तर तो कागद मागावा.

चौथी ओळ कोणाच्या शेतातला माल, ही. छोट्या शेतावर हंगामात दोन-चार आठवडे असे येतात की जुने पीक संपलेले असते आणि नवे आलेले नसते. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून बाहेरून माल आणून आपल्या क्रेटमध्ये भरण्याचा मोह तेव्हाच होतो. शेजाऱ्याचा माल विकणे हा गुन्हा नाही, तो न सांगता विकणे हा आहे. ओळखायला एक दिवस शेतात चक्कर मारणे पुरते : टेबलावर असलेले प्रत्येक पीक शेतात कुठेतरी उभे दिसले पाहिजे, कोवळे, भरात आलेले आणि जून झालेले, अशा तीन अवस्थांत. पालक, मुळा यांची दर दोन आठवड्यांनी पेरणी केली तरच ते सलग मिळतात. शेतात एकच वाफा आणि टेबलावर दोन महिने मुळा, हे गणित जुळत नाही. सगळ्या काकड्या एका मापाच्या असतील तर तेही तपासण्यासारखे. शेतात काकडी मापात येत नाही, माप निवडणीत येते. मग उरलेल्या वाकड्या काकड्या गेल्या कुठे?

त्या वाकड्या, डागी मालाबद्दल दोन शब्द. टोमॅटोला देठाकडून गेलेल्या वाळलेल्या चिरा म्हणजे कोरड्या दिवसांनंतर एकदम पाणी मिळाल्याची खूण. बुडाचा काळा, चामड्यासारखा डाग म्हणजे पाण्याच्या अनियमिततेने फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याची. दोन्हींत तेवढा भाग कापून उरलेले त्याच दिवशी शिजवता येते, आणि असा माल मागून घेतला तर शेतकऱ्यालाही बरे पडते. पोकळ मुळा म्हणजे उशिरा काढलेला. तो कितीही नैसर्गिक असला तरी नाकारावा. हिरवा पडलेला बटाटाही घेऊ नये. प्रकाश लागून त्यात सोलॅनिन हे विष वाढलेले असते आणि शिजवून ते जात नाही.

आता घेणाऱ्याचे घर. चार ओळींची चिठ्ठी अगदी खरी असली तरी पुढच्या २४ तासांत तिचे मातेरे करण्याची ताकद आपल्या स्वयंपाकघरात आहे. गाजर, मुळा, बीट यांची पाने घरी येताच कापावीत, ती मुळातले पाणी ओढत राहतात. बीटला मात्र दोन सेंटिमीटर देठ राखावा, नाहीतर शिजताना रंग गळतो. पाने धुऊन लगेच पिशवीत भरू नयेत. न धुता, कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून, भोके असलेल्या पिशवीत ठेवावीत. मरगळलेली असतील तर गार पाण्यात १५ ते ३० मिनिटे बुडवून, पूर्ण निथळून मगच ठेवावीत. सगळे काही फ्रिजमध्ये कोंबण्याची सवयही सोडावी. टोमॅटो १२ अंशांखाली बिघडतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधनात ५ अंशांना आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोतली सुगंधी द्रव्ये घटलेली आढळली, आणि बाहेर काढून ठेवल्यावरही त्यांतली बरीचशी परत आली नाहीत. ज्या चवीसाठी शेतावर गेलो तीच आपण थंडीत मारतो! काकडी १० अंशांखाली आणि भेंडी ७ अंशांखाली फार दिवस राहिली की पाणथळ खड्डे पडतात. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, म्हणून या दोन्ही दोन-तीन दिवसांत संपवाव्यात. रताळे फ्रिजमध्ये ठेवूच नये. बटाटाही नको : थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो काळपट पडतो.

सफरचंद, पिकते केळे, पिकता टोमॅटो यांतून इथिलीन हा फळे पिकवणारा वायू निघतो. त्यांच्या शेजारी ठेवलेली ब्रोकोली पिवळी पडते, काकडी पिवळी होऊन मऊ पडते आणि गाजर चक्क कडू होते. गाजर कडू निघाले म्हणून शेतकऱ्याला बोल लावण्याआधी ते टोपलीत कोणाच्या शेजारी होते ते आठवून पाहावे.

धुण्यासाठी वाहते पाणी पुरे, साबण नको. मिठाच्या पाण्यात १०-१५ मिनिटे ठेवलेल्या फ्लॉवरमधून अळ्या बाहेर पडतात. फवारणीचे अवशेष त्याने जातात असे समजू नये. सफरचंदांवर केलेल्या एका प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर दोन कीडनाशकांचे सालीवरचे अवशेष बरेचसे निघाले, पण सालीच्या आत मुरलेले राहिलेच. आणि शेतावरून आलेला कोमट टोमॅटो बर्फगार पाण्यात टाकू नये. आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी, त्याबरोबर जंतू, आत ओढले जातात. पाणी फळापेक्षा किंचित कोमट असावे.

नियमित घ्यायचे असेल तर हंगामाचे पैसे आधी देऊन शेतातल्या मालाचा हिस्सा ठरवण्याची पद्धत सर्वांत टिकाऊ. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेइ’ या नावाने ती रुजली, अमेरिकेत १९८६ पासून, फ्रान्समध्ये २००१ पासून तिची रूपे आहेत. ती मोडते ती बहुधा घेणाऱ्यांमुळे. उत्साहात पूर्ण हिस्सा घेतला जातो आणि तिसऱ्या आठवड्यापासून पिशवीतली निम्मी भाजी कुजते. जागतिक आरोग्य संघटनेचा माणशी रोज ४०० ग्रॅम फळे-भाज्यांचा सल्ला धरला तर चौघांना आठवड्याला ११ किलोंच्या आसपास लागतात. त्यातून फळे, कांदा आणि बाहेरचे जेवण वजा करावे. पहिल्या हंगामात ५-६ किलोंवरच थांबावे. मटार घेताना शेंगांच्या वजनाच्या ३५-४० टक्केच दाणे मिळतात, हे विसरू नये. हिस्सा ठरवताना या गोष्टी कागदावर याव्यात : वार आणि तास, आपण न आल्यास माल कोणाला, गारपिटीने पीक गेल्यास काय, आणि एखाद्या भाजीची आठवड्याला कमाल किती जुडी. ही शेवटची अट राहून जाते आणि मग सलग पाच आठवडे कोबी येतो.

शेवटी तक्रारीबद्दल. माल खराब निघाला तर त्याच दिवशी, चिठ्ठीवरच्या तोडणीच्या वेळेसकट सांगावे. ‘भाजी चांगली नव्हती’ एवढ्यावरून शेतकऱ्याला काहीच शोधता येत नाही. ‘सकाळी दहाची तोडणी, जुडीच्या मधली पाने चिकट’ असे कळले तर दुसऱ्याच दिवशी तोडणी आठच्या आत आणता येते, जुडी लहान बांधता येते. आणि चिठ्ठीसाठी छापील लेबल लागत नाही. देठाला बांधलेला कागदाचा कपटा आणि पेन्सिल पुरते. पेन्सिलच, कारण ओल्या क्रेटमध्ये पेनाची शाई पसरते.

आपला,
एक वाचक